बाण सुटायच्या आधीच चुकलेलं असतं : वाचकांचे प्रश्न

मागच्या अंकात कंपाउंड धनुष्यावर (टोकांना चाकं असलेल्या धनुष्यावर) लिहिलं तेव्हा वाटलं होतं की चार-दोन पत्रं येतील, ती पण पोरांच्या तिरंदाजीच्या क्लासबद्दल. पण निम्म्याहून जास्त प्रश्न शिकारीचे निघाले. तसं नवल नाही, आपल्या इंदूर-ग्वाल्हेर-बडोद्याच्या मराठी घरांमधून कोणाचा मुलगा, कोणाचा मेव्हणा अमेरिकेत आहे आणि तिथे धनुष्याने हरणाची शिकार हा रीतसर लायसन्सचा, ठरलेल्या सीझनचा प्रकार आहे. मी स्वतः थोरल्या भावाकडे पेनसिल्वेनियात राहत होतो तेव्हा ३ सीझन ही शिकार केलीय आणि हात पोळून घेतलेत, म्हणून मोकळेपणी लिहितोय. आपल्या देशात मात्र शिकारीला बंदी आहे, खाली ग्वाल्हेरच्या प्रश्नात त्याबद्दल लिहिलंय, ते कोणीही गाळू नका.

प्रश्न : सर, मी मूळ रामबागचा (इंदूर), सध्या पेनसिल्वेनियात. घरामागे ४० यार्डांवर माझे सगळे बाण एका ताटलीत बसतात. पण मागच्या सीझनला हरीण ३२ यार्डांवर उभं होतं, नीट नेम धरून सोडला आणि बाण पाठीवरून गेला. दुसऱ्यांदा तर हात इतके थरथरले की धनुष्य ओढताच आलं नाही. चुकतंय कुठे?

तुमचा नेम चुकला नाही हो, हरीण खाली गेलं. हे पहिल्या सीझनला भल्याभल्यांचं होतं. हिशोब बघा, आवाज सेकंदाला साधारण ३४० मीटर जातो आणि तुमचा बाण फार तर ८५. ३२ यार्ड म्हणजे २९ मीटर, तिथपर्यंत बाणाला सेकंदाचा तिसरा हिस्सा लागतो आणि दोरीचा आवाज त्याच्या एक चतुर्थांश वेळात हरणाच्या कानावर गेलेला असतो. ते काही बाण चुकवत नसतं, त्याला बाण दिसत पण नाही, पळायला उडी घ्यायची म्हणून पाय दुमडून अंग खाली घेतं, तेवढ्यात बाण वरून जातो. मान खाली घालून चरणारं, निवांत हरीण आणि मान वर करून कान टवकारलेलं हरीण ही दोन वेगळी हरणं समजा, ताठरलेल्या हरणावर २० यार्डांपुढे बाण सोडूच नका. सावध हरणावर मुद्दाम खाली नेम धरा असं सांगणारे भेटतील. मी नाही सांगणार, कारण ते किती खाली जाईल ते कोणालाच ठाऊक नसतं.

आणि ४० यार्डांची ती ताटली. ती तुम्ही टी-शर्टात, सपाट जमिनीवर उभं राहून, हात गरम झालेले असताना आणि आधीचे पाच-सहा बाण सोडून झाल्यावर मारलेली असते. शिकारीत एकच बाण मिळतो, तोही पहिला, दोन-तीन तास थंडीत आखडून बसल्यावर, अंगावर जाड जॅकेट, झाडावर २० फुटांवर बसलेले. म्हणून सकाळी उठून चहाच्या आधी बाहेर जायचं, एक बाण मारायचा, फक्त एक, आणि परत घरात यायचं. महिनाभर हे करा आणि तो एकच बाण किती अंतरावर रोज ताटलीत बसतो ते वहीत लिहून ठेवा. जे अंतर येईल ते तुमचं खरं अंतर. माझं २५ यार्ड आलं होतं, क्लबात ५० वर बऱ्यापैकी मारायचो तरी. वाईट वाटलं, पण पुढे तिन्ही सीझन तेच पाळायचं ठरवलं.

जॅकेट घालूनच प्रॅक्टिस करा हे वेगळं सांगतो, कारण बाहीला दोरी घासली की बाण कुठल्या कुठे जातो. खुर्चीवर बसून मारा, गच्चीवरून किंवा जिन्यावरून खाली मारा आणि खाली मारताना कमरेतून वाका, नुसता हात खाली केला तर गालाजवळची पकड बदलते आणि बाण वर जातो. रेंजफाइंडर (अंतर मोजायचं यंत्र) घेतला असेल तर झाडावर चढलात की लगेच आजूबाजूची चार झाडं मोजून ठेवा, हरीण आल्यावर डबीत डोळा घालायला वेळ नसतो.

आता हात थरथरल्याचं. धनुष्य ओढता आलं नाही म्हणताय तर मला थरथरीपेक्षा पाउंडांची, म्हणजे दोरी ओढायला लागणाऱ्या जोराची, शंका जास्त आहे. दुकानात सगळे जोशात ७० पाउंड लावून घेतात. घरी जमिनीवर मांडी घालून बसा, धनुष्य निशाणाकडे धरा आणि सरळ मागे ओढा, ओढताना आभाळाकडे वर करावं लागलं तर ते धनुष्य तुमच्यासाठी जड आहे, १० पाउंड उतरवा. नीट ट्यून केलेलं ५०-५५ पाउंडांचं धनुष्य, धारदार ब्रॉडहेड (बाणाचं पात्यांचं शिकारीचं टोक) आणि जरा वजनदार बाण हरणाला पुरेसा होतो. बाणाचं वजन तिथे ग्रेनमध्ये मोजतात, ४०० ग्रेन म्हणजे २६ ग्रॅमच्या आसपास, त्याच्या खाली जाऊ नका. हलक्या बाणाने धनुष्य जास्त वाजतं, म्हणजे परत पहिलाच प्रॉब्लेम.

ब्रॉडहेड लावून प्रॅक्टिस केली होती का? पत्रात लिहिलं नाहीत, पण बहुतेक नसेलच. त्याच्या पात्यांना वारा धरतो, त्यामुळे फील्ड पॉइंट, म्हणजे प्रॅक्टिसची साधी टोकं, जिथे बसतात तिथे ते बसतीलच असं नाही. सीझनच्या महिनाभर आधी त्याच ब्रॉडहेडने मारून बघा, वेगळीकडे जात असतील तर धनुष्याची ट्यूनिंग बिघडलीय, साइट (धनुष्यावरची नेम धरायची खूण) हलवून झाकू नका. आणि मारून बघितलेली पाती बोथट होतात, शिकारीला नवीन लावा.

प्रश्न : काका, माझा मेव्हणा विस्कॉन्सिनला असतो. त्याने हरणाला बाण मारला, लागला पण, रक्तही दिसलं, पण हरीण सापडलंच नाही. तो आठवडाभर नीट जेवला नाही म्हणे. असं का होतं? – एक वाचक, दांडिया बाजार, बडोदा

तुमचा मेव्हणा जेवला नाही हे वाचून मला तो माणूस आवडला. पूर्ण चुकलेल्या बाणाचं काही नाही, हरीण घरी जातं आणि आपणही. अर्धवट लागलेला बाण ही खरी चूक.

माझं सांगतो. दुसरा सीझन, नोव्हेंबरची सुरुवात, संध्याकाळची वेळ, एक मादी २४ यार्डांवर आली. म्हणजे माझ्या अंतरात होती. पण ती आडवी उभी नव्हती, थोडी माझ्याकडे तोंड करून तिरकी होती, आणि मी दोन दिवस रिकाम्या हाताने घरी गेलेलो. थांबलो असतो तर चार पावलांत ती वळली असती. नाही थांबलो. बाण गेला, ती पाठ कमानीसारखी वर काढून दुडक्या चालीने झाडीत गेली, आणि मी वीस मिनिटांत खाली उतरलो. बाण जमिनीत रुतलेला होता, उचलून बोटं फिरवली तर लाल कमी आणि हिरवट-तपकिरी चिकट जास्त, नाकाशी नेला तर आंबूस वास. पोटात लागला होता. तेव्हा तरी गुपचूप मागे फिरायला हवं होतं, पण मी टॉर्च घेऊन मागावर गेलो आणि साठ-सत्तर पावलांवर ती झुडपातून उठली, पांढरी शेपूट दिसली आणि गेली. ती तिथेच बसलेली होती, मी तिला उठवलं. रात्री पाऊस झाला, रक्त धुवून गेलं, दुसऱ्या दिवशी मी आणि दादाने दुपारपर्यंत ओढा पालथा घातला, काही मिळालं नाही.

म्हणजे माझ्या दोन चुका झाल्या, पहिली बाण सुटायच्या आधी आणि दुसरी नंतर.

आधीची चूक कोनाची. हरणाची फुप्फुसं आणि हृदय मिळून जागा ८-१० इंचांची, आपल्या जेवणाच्या ताटाएवढी, पुढच्या पायाच्या लगेच मागे, खालून एक तृतीयांश उंचीवर. हरीण पूर्ण आडवं असेल किंवा थोडं आपल्यापासून लांब तोंड करून तिरकं असेल तरच बाणाला तिथे जायची वाट मिळते. लांब तोंड असेल तर पलीकडचा पुढचा पाय डोळ्यासमोर आणायचा आणि बाण तिकडे निघेल असा नेम धरायचा. समोरून, आपल्याकडे तिरकं असताना, मागून, कधीच नाही. समोरून खांद्याचं हाड आडवं येतं. गोळीचा धक्का वेगळा असतो, बाण मुळात कापतो आणि रक्तस्रावाने काम करतो, हे मनात पक्कं बसलं की माणूस आपोआप थांबायला शिकतो.

नंतरची चूक घाईची. मेव्हण्याला सांगा, बाण सोडला की जागेवरून हलायचं नाही. हरीण कुठे उभं होतं, कसं उडालं, शेवटचं कोणत्या झाडाजवळ दिसलं ते मनात कोरून घ्यायचं, फोनवर फोटो काढला तर अजून चांगलं, कारण खाली उतरल्यावर जंगल वेगळंच दिसतं. मग बाण बघायचा. गुलाबी, बुडबुड्यांचं रक्त असेल तर फुप्फुस, अर्धा तास थांबा, हरीण बहुतेक वेळा शे-सव्वाशे यार्डांच्या आतच पडलेलं मिळतं. गडद लाल असेल तर काळीज, म्हणजे यकृत, चार-पाच तास तरी थांबा. हिरवट आणि वास असेल तर आठ ते बारा तास, संध्याकाळची वेळ असेल तर सरळ सकाळपर्यंत. थांबणं क्रूर वाटतं, मला पण वाटलं होतं, पण न उठवलेलं हरीण जवळच बसतं आणि तिथेच जीव सोडतं, उठवलेलं हरीण मैलभर लांब जाऊन कोणालाच मिळत नाही. पावसाचा रंग असेल तर मुळात बाण सोडूच नका. आणि काही राज्यांत पट्ट्याला बांधलेला कुत्रा घेऊन माग काढायची परवानगी असते, अशा माणसाचा नंबर सीझनच्या आधीच फोनमध्ये असू द्या, लाज वाटून घेऊ नका.

प्रश्न : दादा, माझा मुलगा यंदा पहिल्यांदा झाडावर बसून शिकार करणार म्हणतोय. मला बाणाची नाही, झाडाची भीती वाटते. – सुदामानगर, इंदूर

काकू, तुम्ही अगदी बरोबर जागी घाबरताय. या शिकारीत माणसं जखमी होतात ती जास्त करून झाडावरून पडून, आणि पडतात ती बसलेली असताना कमी, चढता-उतरताना आणि शिडीवरून फळीवर पाय टाकताना जास्त. त्याला एवढं विचारा की पूर्ण अंगाचा हार्नेस (पडू न देणारा पट्टा) आहे का आणि तो जमिनीवरूनच दोरीला अडकवून चढणार का, वर जाऊन अडकवतो म्हणाला तर नको म्हणा. धनुष्य हातात घेऊन चढायचं नाही, खाली ठेवायचं, वर बसून, हार्नेस बघून, मग दोरीने ओढून घ्यायचं, बाण धनुष्याला लावलेला नसावा आणि ब्रॉडहेड झाकलेले असावेत. मागच्या वर्षीचा स्टँड (बसायची फळी) तसाच झाडावर असेल तर त्याचे पट्टे आधी बघायचे, झाड वर्षभरात जाड होतं, पट्टा ताणतो, खारी कुरतडतात. कुठल्या झाडावर आहे आणि किती वाजता उतरणार हे घरी सुनेला सांगून जायचं, फोन बॅगेत नाही, खिशात ठेवायचा. पेनसिल्वेनियात पहिल्यांदा लायसन्स काढणाऱ्याला शिकारीचं शिक्षण देणारा कोर्स करावाच लागतो, त्यात हे सगळं शिकवतात, पण आईने सांगितलेलं जास्त लक्षात राहतं.

प्रश्न : आमची ग्वाल्हेरजवळ शेती आहे. नीलगायी आणि रानडुकरं हरभरा, गहू काही ठेवत नाहीत. बंदुकीला लायसन्स लागतं, आवाज होतो. कंपाउंड धनुष्याने मारलं तर चालेल का? – लष्कर, ग्वाल्हेर

नाही चालणार, अजिबात नाही. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचं कलम ९ शिकारीला बंदी घालतं आणि ते हत्यार बघत नाही, धनुष्य, बंदूक, फास, विष, सगळं एकच. नुसतं जखमी करणं आणि मारायचा प्रयत्न करणं हे सुद्धा कायद्याच्या व्याख्येत शिकारच आहे, म्हणजे बाण चुकला तरी गुन्हा होतो. पिकाचं नुकसान करणाऱ्या जनावराबद्दल कलम ११ खाली परवानगी मिळू शकते, पण ती कायद्याने अधिकार दिलेला अधिकारीच लेखी देतो, आपली आपण घ्यायची नाही. तुमचं दुःख मला कळतं, रात्रभर जागलं तरी सकाळी शेत तुडवलेलं दिसतं. पटवाऱ्याला बोलावून नुकसानीचा पंचनामा करून घ्या, भरपाईचा अर्ज करा, चार शेतकरी मिळून कुंपणाचा खर्च वाटून घ्या.

आणि कायदा बाजूला ठेवला तरी, वर माझ्या मादीचं वाचलंत ना, ती मी २४ यार्डांवर, महिनोन्‌महिने प्रॅक्टिस करून चुकवली. नीलगाय तिच्यापेक्षा कितीतरी मोठी. अंधारात, टॉर्चच्या उजेडात, पळत्या नीलगायीवर बाण मारून काय होणार, पोटात बाण घेऊन ती तीन गावं फिरणार.

प्रश्न : १४ वर्षांच्या मुलाला ऑनलाइन कंपाउंड धनुष्य घेऊन दिलं. दोरी हातावर इतकी बसते की कोपराखाली काळंनिळं झालंय. परवा त्याच्या मित्राने बाण न लावताच दोरी ओढून सोडली, मोठा आवाज झाला. धनुष्य बरं दिसतंय, वापरू द्यावं का? – अलकापुरी, बडोदा

वापरू देऊ नका. बाण न लावता सोडलं की जी ताकद बाणात जायची ती सगळी धनुष्याच्या पात्यांत आणि चाकांत परत जाते. वरून चांगलं दिसतं आणि पुढच्या एखाद्या ओढीला तोंडाजवळ फुटू शकतं. जाणकाराकडे नेऊन पाती, चाकं, दोरी, केबल तपासून घ्या. कापसाचा बोळा पात्यांवरून हलके फिरवा, कुठे धागा अडकला तर तिथे तडा आहे. पण नाही अडकला म्हणून सगळं ठीक असं धरू नका.

हातावर दोरी बसते याचं पहिलं कारण धनुष्य त्याच्या मापाचं नाही. दोन्ही हात पसरून बोटांच्या टोकापासून टोकापर्यंत इंचात मोजा, अडीचने भागा. ६० इंच आले तर २४ इंच ही त्याची ओढ, म्हणजे दोरी मागे न्यायची लांबी, आणि धनुष्य २८ वर लावून आलेलं असेल तर पोरगं हात ताठ करून, खांदा पुढे ढकलून ते पुरं करत असणार. दुसरं कारण पकड. धनुष्य मुठीत आवळायचं नसतं, अंगठ्याच्या मुळाशी असलेल्या मांसल गादीवर टेकवायचं आणि बोटं सैल सोडायची, मनगटाला पट्टा असतो तो त्यासाठीच. कोपर थोडं बाहेर फिरवलं की दोरीला जागा मिळते. बरं होईपर्यंत दोन आठवडे सुट्टी द्या, नाहीतर दोरी बसणार या भीतीने तो सोडताना हात झटकायला लागेल आणि ती सवय सुटायला वर्ष जातं.

कार्बनचे बाण प्रत्येक वेळी कानाजवळ धरून हलके वाकवून बघायला शिकवा. कुरकुर आवाज आला तर मोडून फेकून द्या, असा बाण सुटताना चिरफळून हातात घुसतो.

प्रश्न : सर, मला शिकार नाही करायची, पण त्यातलं जंगलात फिरणं, अंतर ओळखणं, एकच बाण, हे हवंसं वाटतं. आणि मला अजून एक त्रास आहे, साइटची पिन निशाणाच्या मधल्या पिवळ्यावर आली की रिलीजवरचं (दोरी सोडायच्या खटक्यावरचं) बोट आपोआप दाबलं जातं. – कॉलेजची विद्यार्थिनी, इंदूर

तुझ्यासाठी ३-डी तिरंदाजी आहे. फोमची जनावरं झाडीत, चढ-उतारावर ठेवलेली असतात, अंतर सांगत नाहीत, स्वतः ओळखायचं, कंपाउंडला ४५ मीटरपर्यंत. जागतिक स्पर्धा होतात याच्या. आमच्या बॅचची पोरं मी वर्षातून एकदा रालामंडलला नेतो, धनुष्य न घेता. वर टेकडीवर होळकरांची शिकारगाह आहे, एके काळी तिथे शिकारीला यायचे, १९८९ पासून अभयारण्य आहे. पायवाटेवर मी विचारतो, ते झाड किती मीटर, सगळे आकडा सांगतात, मग पावलं टाकून मोजतो. पहिल्या दिवशी ३० मीटरला कोणी २०, कोणी ४५ म्हणतं, संध्याकाळपर्यंत चुका तीन-चार मीटरवर येतात. दरीच्या पलीकडचं अंतर फसवतं, बोळकांडीतलं पण.

बोट आपोआप दाबलं जाणं हा खूप जणांना होणारा त्रास आहे, चांगल्या खेळाडूंनाही होतो, तू कमी पडतेस असं नाही. डोकं नेमाच्या मागे लागतं आणि पिन पिवळ्यावर आली की घाबरून सोडून देतं. यावर एकच औषध मला माहीत आहे. बटवरचा (बाण झेलणाऱ्या जाड पाटावरचा) निशाणाचा कागद काढून टाक, दोन-तीन मीटरवर उभी राहा, ओढून पकड जागेवर आली की डोळे मीट आणि पाठीचे दोन्ही पंख, म्हणजे खांद्यांमागची चपटी हाडं, एकमेकांकडे ओढत राहा, रिलीज आपोआप सुटेपर्यंत. कधी सुटला ते तुलाच कळता कामा नये. रोज ३० बाण असे, महिनाभर, मध्ये एकही बाण निशाणावर नाही. हे फार कंटाळवाणं आहे, तिसऱ्या आठवड्यात सगळे कागद लावून बघतात आणि परत पहिल्यापासून सुरू करावं लागतं. महिन्यानंतर मोठा कागद लाव, पाच मीटरवर, आणि पिन पिवळ्यावर नुसती धरून सेकंद मोजून खाली घे, सोडू नकोस. दहा वेळा असं खाली घेता आलं की अकरावा बाण सोड. बटच्या मागे भिंत किंवा मातीचा ढीग आहे ना, तेवढं डोळे मिटायच्या आधी बघून घे.